लेकराचे पाणी तोडू नका

मी शेतकी विभागातला माणूस. पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माझी उमेद गेली. उसाची लागण, हुमणी, माती परीक्षण, ठिबक हे माझे बोलण्याचे विषय. आज मात्र मी लहान मुलांच्या जुलाबावर लिहिणार आहे. "शेतकीसाहेबांनी हे डॉक्टरचं काम कधीपासून धरलं?" असे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. आमच्या घराने त्याची एकदा फार मोठी किंमत मोजली आहे, आणि पुढे मी स्वतः, कृषी पदवीधर असूनही, त्यात चुकलो आहे. ती चूक तुमच्या घरी होऊ नये एवढ्यासाठी हे लिहितो.

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. दौंड तालुक्यात राहू बेटात एका बागाईतदाराच्या फडावर गेलो होतो. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवू नका, कुट्टी करा, हे सांगायचे होते. बांधाच्या कडेला बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या सात-आठ कोपी होत्या. माणसे फडात होती. एका कोपीपुढे एक म्हातारी वर्ष-दीड वर्षाच्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. मूल रडत नव्हते, हेच मला खटकले. डोळे आत गेलेले, ओठ कोरडे, मान टाकलेली. पाण्याचा तांब्या म्हातारीच्या शेजारी होता, आणि मुलाची नजर त्या तांब्यावरून हलत नव्हती.

"आजी, काय झालंय लेकराला?"

"काल सांजच्यापासनं जुलाब हायेत, सायेब. धा-बारा येळा झालं."

"मग पाणी पाजताय ना?"

"पाणी कसं पाजू? पाणी दिलं की लगेच खाली होतंय. म्हणून सकाळधरनं बंद केलंय."

म्हातारी वाईट नव्हती. त्या लेकरावर तिचा जीव होता. ती जे करत होती ते तिच्या आईने आणि सासूने तिला शिकवलेले होते. मला एकदम माझी आई आठवली.

आमचे मूळ गाव शिरूर तालुक्याच्या पश्चिमेला, पाबळ-कान्हूर मेसाईच्या कोरडवाहू पट्ट्यात. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दोन-तीन वर्षांचा होतो. मला त्यातले काही आठवत नाही. जे माहीत आहे ते आईच्या तोंडून. आई-वडील दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर दिवस काढले. १९७३ च्या उन्हाळ्यात माझ्या पाठच्या बहिणीला हगवण लागली. ती अकरा महिन्यांची होती. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले, पोटाला विसावा द्या, दूध-पाणी बंद ठेवा. दात येताना असे व्हायचेच, असेही कोणी म्हणाले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो. जुलाबात पाणी तोडायचे नसते, उलट जास्त द्यायचे असते, हे एकदा घरी सहज बोलून गेलो. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. बऱ्याच वेळाने ती एवढेच म्हणाली, "पाणी तर रांजणात होतं रे." दुष्काळात दोन मैलांवरून डोक्यावर आणलेले पाणी घरात होते, आणि तहानलेल्या लेकराला ते दिले गेले नाही, याचे दुःख त्या माउलीला तीस वर्षांनी नव्याने झाले. आपण हे बोलायला नको होते, असे मला तेव्हा वाटले. आज वाटते, हे प्रत्येक घरात बोलायला हवे, पण वेळेवर.

मंडळी, ऊस तोडणीला आला की आपण आधी त्याचे पाणी तोडतो. उसाला ते मानवते. लेकराला ते मानवत नाही. जुलाबात मूल मरते ते जुलाबाने नव्हे, शरीर सुकल्यामुळे मरते, ही एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. तान्ह्या मुलाच्या शरीरात शंभरातले सुमारे सत्तर भाग पाणीच असते. प्रत्येक पातळ शौचाबरोबर ते पाणी जाते आणि त्यासोबत मीठ व इतर क्षारही जातात. टाकी लहान आणि गळती मोठी, म्हणून मोठ्या माणसाला जे तीन दिवस सोसते ते लेकराला एका दिवसात आडवे करते. पाणी बंद केल्याने गळती थांबत नाही, टाकी मात्र लवकर रिकामी होते. पाणी दिल्यावर जुलाब झालेला दिसतो हे खरे, पण पाणी दिले नाही तरी तो व्हायचाच असतो.

मग नुसते पाणी पाजले तर चालेल का? काही न देण्यापेक्षा ते बरे, पण ते पुरत नाही. आतड्याची एक रीत आहे. मीठ आणि साखर एकत्र आली की आतड्याची भिंत दोघांना जोडीने आत ओढून घेते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येते. एकट्या बैलाने नांगर ओढत नाही, जोडी लागते, तसेच हे. विशेष म्हणजे पटकीसारख्या भयंकर जुलाबातही आतड्याची ही ताकद शाबूत राहते. मीठ-साखर-पाण्याच्या औषधाचे सारे बळ एवढ्या एका गोष्टीत आहे.

हे औषध माणसांवर खऱ्या अर्थाने पारखले गेले ते १९७१ साली. बांगलादेशाचे युद्ध चालू होते. लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले होते आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपल्या, टोचणारी माणसेही पुरेनात. तेव्हा कलकत्त्याचे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मापाने मिसळून पुड्या करवल्या. ते पाणी पिंपांत कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. ज्या छावणीत शंभरातले सुमारे तीस रोगी मरत होते, तेथे हे प्रमाण चारच्या खाली आले. पाजणारे डॉक्टर नव्हते, आया-बहिणी होत्या. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. आज सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळणारी ओआरएसची पुडी ही त्या कामाचीच नात आहे.

आता माझी चूक सांगतो. २००१ साली मी दौंड तालुक्यात होतो. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. पावसाळ्यात त्याला जुलाब लागले. मी शहाण्यासारखा ओआरएसची पुडी आणली. पुडी एक लिटर पाण्याची होती. एवढे पाणी पोरगे पिणार कधी, असा विचार करून मी सगळी पुडी एका पेल्यात कालवली. औषध दाट, गुण जास्त, असा माझा हिशेब. पोरगे तोंड वाकडे करी, मी बळेच पाजी. दुपारपर्यंत जुलाब वाढले, तहान वाढली, पोर चिडचिडे झाले. घाबरून सिस्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, "पुडी कशात कालवली?" मी पेला दाखवला.

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, पंपाला औषध किती टाकायचं ते तुम्ही सांगता ना शेतकऱ्यांना? पंधरा लिटरचं औषध कुणी तीन लिटरमध्ये कालवून फवारलं तर?"

"पीक करपेल," मी म्हणालो, आणि माझे मलाच कळले.

मुलगा वाचला, आज कमावता आहे. पण त्या दिवशीची शरम मी विसरलो नाही. मला तर हे आधी कळायला हवे होते. दौंडच्या कालव्याखालच्या क्षारपड जमिनी मी रोज पाहत होतो. त्या जमिनीत पाणी असते, पण पीक सुकते. जमिनीत क्षार जास्त झाले की मुळांना पाणी ओढता येत नाही, उलट मुळातलेच पाणी बाहेर जाऊ पाहते. आतड्याचेही तेच होते. पाणी फार खारट किंवा फार गोड झाले की ते शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणून या औषधात जास्त म्हणजे चांगले नव्हे. माप हेच औषध.

आता रीत सांगतो. ही कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

पुडीवर किती पाण्याची आहे ते वाचा. मोठी पुडी एक लिटरची असते, लहान पुडी २०० मिलिलिटरची. उकळून गार केलेले किंवा शुद्ध केलेले पाणी मापून घ्या. बाजारात मिळणारी एक लिटरची पाण्याची बाटली स्वच्छ धुऊन मापाला चालते. पूर्ण पुडी एका वेळी त्यात घाला. अर्धी आज, अर्धी उद्या असे करू नका. कालवलेले पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेले टाकून द्या. त्यात वरून साखर, लिंबू, दूध काही घालू नका.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. कीटकनाशकाची रिकामी बाटली किंवा तिच्या टोपणाचे माप, कितीही धुतले तरी, या कामाला वापरू नका. मी शेतात फिरणारा माणूस आहे. कोणत्या घरात अशा बाटल्यांतून काय काय ठेवतात ते मी पाहिलेले आहे.

पुडी घरात नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. सपाट म्हणजे बोटाने वरचे काढून टाकलेले, शिगोशीग नव्हे. चाखून पाहा. चव डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागली तर ते टाकून नव्याने करा. पुडी मिळाली की पुडीवर या, कारण तिच्यात शरीराला लागणारे आणखी क्षार असतात.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक पेला पाजा. लहानाला वाटी-चमच्याने, मोठ्याला घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असे सुरू करा. पिकाला एकदम मोकाट पाणी देण्यापेक्षा ठिबकाने दिलेले लागू पडते, तेच इथे.

अंगावरचे दूध बिलकूल तोडू नका. जेवणही बंद करू नका. मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, केळे, मीठ घातलेले ताक, तांदळाची पेज हे सर्व चालते. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे द्या, म्हणजे गेलेले वजन भरून येते.

पुडीबरोबर झिंकच्या गोळ्या मागून घ्या. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, म्हणजे १० मिलिग्रॅम, आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, म्हणजे २० मिलिग्रॅम. चमचाभर अंगावरच्या दुधात किंवा पाण्यात विरघळवून द्यायची आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. आमच्या शेतातही जस्त कमी पडले की पीक पिवळे पडते, खुरटते. लेकराच्या आतड्यालाही सावरायला जस्त लागते, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचे प्रमाण त्याने कमी होते.

जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या लहान मुलाला देऊ नका. त्यांनी घाण आत अडकते आणि जिवावर बेतू शकते. मागच्या वेळची उरलेली जंतुनाशक औषधेही आपल्या मनाने देऊ नका. बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात, त्यांवर ती चालतच नाहीत. आणि "एक सलाईन लावा, म्हणजे बरं वाटेल," हा आपल्याकडचा हट्टही सोडा. ज्याला तोंडाने पिता येते त्याला सुईची गरज नाही.

पण काही खुणा दिसल्या तर घरी थांबू नका. मूल सुस्त पडले, उठवून उठत नाही, काही पीतच नाही, सगळे ओकून टाकते, शौचात रक्त दिसते, ताप फार आहे, डोळे खोल गेलेत, पोटाचा चिमटा काढून सोडल्यावर कातडी सावकाश जागेवर जाते, सहा तासांत लघवी झाली नाही, बाळ दोन महिन्यांखालचे आहे, यांतले एक जरी असले तरी सरळ दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा आणि वाटेत शुद्धीवर असेल तर चमच्याने पाजत राहा.

आणखी एक सावधगिरी. ओआरएस असे नाव मिरवणारी गोड पेये खोक्यांतून विकली जात. त्यांत साखर भलतीच जास्त असते, म्हणजे मी केलेल्या त्या पेल्यासारखाच प्रकार. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरी दुकानातून आणताना औषधाचीच पुडी आणा, चवीचा खोका नको.

या सगळ्याची मुळे मात्र पाण्यात आणि हातांत आहेत. पुणे शहराचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा आपल्याकडे येते आणि वाळकी-रांजणगाव सांडसच्या संगमावर भीमेला मिळते. त्या पाण्यावरची जलपर्णी तुम्ही पाहताच. नदीकाठच्या विहिरीचे पाणी दिसायला काचेसारखे असले तरी तपासल्याशिवाय पिण्याचे समजू नका. ग्रामपंचायतीने पाण्यात टीसीएल पावडर टाकली का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. चांगल्या पावडरीचे माप हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, आणि टाकल्यावर तासभर थांबायचे. पावडरचे पोते उघडे आणि ओलसर जागी पडले असेल तर तिच्यातला दम निघून गेलेला असतो. जोरदार पावसानंतर पाणी उकळूनच प्या. माठात हात बुडवू नका, दांड्याचे ओगराळे ठेवा. शौचाहून आल्यावर, बाळाचे धुतल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवा. बाळाचे शी उकिरड्यावर टाकू नका, संडासात टाका. बाळाचे आहे म्हणून ते निरुपद्रवी नसते.

आणि लस. रोटा विषाणूचे जुलाब लहान मुलांत फार जोराचे असतात. त्यावरची तोंडाने द्यायची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने, २०१९ पर्यंत देशभर सरकारी लसीकरणात आली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तीन डोस. आपल्याच पुण्यात, हडपसरला, ही लस तयार होते. सुनेचे बाळंतपण माहेरी झाले तर कार्ड बरोबर आणायला सांगा, डोस चुकवू नका.

विस्ताराच्या कामातली एक गोष्ट मला फार भावते. १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका दारोदार फिरल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढे त्यांनी एक कोटी वीस लाखांवर घरांत शिकवले. शिकवणारीला पैसे मिळत ते किती घरे फिरली यावर नव्हे, तर नंतर तपासायला गेल्यावर त्या घरच्या आईला किती आठवते यावर. आम्हा विस्तारवाल्यांना हा मोठा धडा आहे. सभा घेऊन फोटो काढला म्हणजे काम झाले असे नाही.

तर त्या कोपीपुढे मी काय केले? २००१ पासून माझ्या गाडीच्या डिकीत दोन पुड्या कायम असतात. मुकादमाने स्टोव्हवर पाणी उकळले, परातीत गार केले. एक लिटरच्या बाटलीत पुडी कालवली. मी म्हातारीच्या हातात चमचा दिला. पहिला चमचा तिने भीत-भीत दिला. मुलाने दोन्ही हातांनी तिचे मनगट धरले ते सोडीना. फडातून त्याची आई आली, तोवर अर्धा पेला पोटात गेला होता. आशाताईंना फोन करून बोलावले, त्यांनी चिमटा काढून पाहिला, झिंकच्या गोळ्या दिल्या आणि संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून आणले. दिवस कलायच्या आत मुलाने आजीच्या लुगड्यावर लघवी केली. म्हातारी ओरडली, "आगं बाई, भिजवलं की!" आणि हसली. तिला ती घाण वाटली, आम्हाला ते पाणी कळसाला पोचल्यासारखे वाटले.

निघताना मी तिला विचारले, "आजी, आता कुणाच्या लेकराला जुलाब लागले तर काय सांगाल?"

"पाणी तोडू नका म्हनंन," ती म्हणाली. "आन् चमचा सपाट घ्या म्हनंन."

माझी आई आज ऐंशीच्या घरात आहे. तिला ही हकिगत सांगितली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शेजारच्या सुनेला हाक मारून तिने विचारले, "तुझ्या घरात ती पुडी हाय का गं?"

तेच मी तुम्हाला विचारतो. हे वाचून झाले की उठा आणि डबा उघडून पाहा. नसेल तर उद्याच आशाताईंकडून दोन पुड्या आणि झिंकची एक पट्टी आणून ठेवा.